जादा अस्तर

"पेलाभर पितात आणि बादलीभर सांडतात. मधलं पाणी येतं कुठून देव जाणे," सून फरशी पुसायच्या फडक्याला सांगत होती.

फडक्यालाच सांगत होती. घरात कुणाला ऐकू जावं असा तिचा हेतू नव्हता. पण फडकं पिळायला ती बाथरूमच्या दाराशी वाकली होती आणि दाराच्या आतल्या बाजूला, तिच्यापासून हातभर अंतरावर, तिचे सासरे उभे होते. त्यांना बाहेर यायचं होतं. पाय येत नव्हते.

पाय दुखत नव्हते, लटपटत नव्हते, बधिरही नव्हते. नुसते चिकटले होते. लाकडी फळीला फोम चिकटवायला पिवळा गोंद वापरतात, तो कुणीतरी तळव्यांना फासून आपल्याला फरशीवर उभं करून गेलंय, असं त्यांना वाटायचं. एकदा सुटले की पाय चालायचे. आखूड आखूड, घासत, पण चालायचे. सुटेपर्यंत मात्र उभं राहायचं. आणि उभ्या माणसाचे कान रिकामेच असतात. त्यामुळे अलीकडे त्यांनी घरातलं जेवढं ऐकलं, तेवढं आधीच्या अख्ख्या संसारात ऐकलं नव्हतं.

त्यांना सगळे बैठकवाले म्हणत. सोफे, खुर्च्या, दिवाण, दवाखान्यातली बाकडी, ज्याच्यावर माणूस बूड टेकतो असं सगळं त्यांनी भरलं होतं, शिवलं होतं, उसवून पुन्हा भरलं होतं. खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून संपली, आणि हे नाव अंगाला बसलं ते बसलंच.

बाहेर पेला उचलल्याचा आवाज आला. स्टीलचा पेला. तो आतून ठणठणीत कोरडा असणार, हे त्यांना दाराआडून न बघताही माहीत होतं. तो बायको ठेवायची. त्यांची खुर्ची ओली झाली, खाली ओघळ आला, की ती स्वयंपाकघरातून रिकामा पेला आणायची, खुर्चीच्या पायाशी आडवा करायची आणि जरा मोठ्यानं म्हणायची, "अगं बाई, पाणी सांडलं वाटतं." मग सून फडकं आणायची. मुलगा खिडकी उघडायचा. कुणी कुणाकडे बघायचं नाही. इतक्या शिस्तीत ह्या घरानं दुसरं कुठलंही काम आजवर केलेलं नव्हतं.

बैठकवाल्यांना त्या पेल्याची किळस यायची. ओल्या कपड्याची यायची ती यायचीच, पण ती नाकाला येते आणि नाक थोड्या वेळानं मरतं. पेल्याची किळस मरत नव्हती.

"बाबा, हात देऊ का?" सुनेनं दार ढकललं होतं. आता तिचा आवाज वेगळाच होता, पाहुण्यांशी बोलायचा. "सावकाश. डावा आधी घ्या. हां, सुटला बघा."

मी ऐकलं, असं त्यांना म्हणायचं होतं. रागानं नाही. चुकीचं काही बोलली नाहीस, असंही पुढे म्हणायचं होतं. पण हल्ली वाक्य आत नीट तयार व्हायचं आणि तोंडापर्यंत यायला फार वेळ घ्यायचं. तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा.

"आज दुपारी डॉक्टरकडे जायचंय. लक्षात आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे," ते म्हणाले. ती तेव्हा स्वयंपाकघरात पोचली होती.

डॉक्टरकडची मागची खेप त्यांना चांगली लक्षात होती. त्यांना विसराळू समजणाऱ्यांना हे कुणी सांगायला हवं होतं.

त्या वेळी बायको आणि मुलगा बरोबर होते. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडावर लावला आणि मधले दोन काळे डाग पेनानं दाखवले. "ह्या मेंदूतल्या पोकळ्या. प्रत्येकाला असतात. ह्यांच्यात पाणी असतं, स्वच्छ. रोज नवं तयार होतं, मेंदूभोवती फिरतं, पाठीच्या कण्यातून फिरतं, आणि जुनं शोषलं जातं. काकांच्या पोकळ्या मोठ्या झाल्यात."

"म्हणजे?" मुलानं विचारलं.

"म्हणजे दोनांतलं एक. वयानं मेंदू आकसला की मोकळी जागा पाण्यानं भरते. त्याला इलाज नाही. किंवा मग पाणी शोषलंच जात नाही, साचतं, मेंदूला दाबतं. त्याला इलाज आहे. कमरेतून सुईनं थोडं पाणी काढून बघायचं. चालणं सुधारलं, तर बारीक नळी बसवायची, जास्तीचं पाणी पोटात उतरवायचं."

"मग ओळखायचं कसं, ह्यातलं कुठलं ते?"

"साचलेलं असलं की बहुतेक तीन गोष्टी बरोबर येतात. चालणं अडतं. अडतंय. बोलणं, विचार करणं मंद होतं. झालंय." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिसरी लघवी. कपड्यात होते का?"

मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. बैठकवाल्यांच्या आत 'हो' तयार झालं आणि निघालं. एवढासा शब्द. पण तो वाटेत असतानाच बायको म्हणाली, "छे हो. त्या बाबतीत अगदी व्यवस्थित आहेत."

"मग वयाचंच दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "उगाच सुया कशाला टोचा. गोळ्या देतो, पुन्हा आणून दाखवा."

'हो' तोंडाशी पोचलं तेव्हा ते लिफ्टमध्ये होते. "हो," ते स्पष्टपणे म्हणाले. शेजारच्या अनोळखी माणसानं नुकतंच 'तळमजला का?' असं विचारलं होतं, त्यानं समाधानानं बटण दाबलं.

घरी आल्यावर मायलेकरांची स्वयंपाकघरात जुंपली. हळू आवाजात जुंपली, कारण 'बाबांना कळू द्यायचं नाही' हे ठरलेलं होतं. बाबा स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात पाय सुटायची वाट बघत उभे होते.

"तू डॉक्टरशी खोटं बोललीस, आई."

"खोटं काय त्यात? रोज थोडंच होतं."

"रोज होतं."

"बरं, होतं. तुला माहितीये का ती नळी कशी बसवतात? डोक्याला भोक पाडून. भाजीला चीर देतात तशी चीर द्यायची आणि वर म्हणायचं, बघू या सुधारतात का. मला नाही बघायचं. मला हे असे चालतात. अर्धे आहेत ना, पुरतात मला. अर्ध्याला टोचून टोचून पाव करायचा आणि तो घरी आणायचा, हे नाही होणार माझ्याच्यानं."

मुलानं नळ सोडल्याचा आवाज आला. तो आईला उलटून बोलणाऱ्यांतला नव्हता. तो वरून कापड चढवणाऱ्यांतला होता, बापासारखाच.

आणि बोळात उभ्या बैठकवाल्यांना वाटलं, हिला अर्धा पुरतो, हे हिचं प्रेम. पण मला कुठे पुरतोय?

कारखाना घराला लागूनच होता. मधल्या दाराशी त्यांची खुर्ची होती, उंच पाठीची, रुंद हातांची, त्यांनी स्वतःच भरलेली. तिथे बसलं की कारखान्यातलं सगळं दिसायचं. डॉक्टरकडे जायला वेळ होता. बायकोनं खुर्चीवर धुतलेलं कव्हर घातलं आणि त्यांना बसवलं. "आज पाणी फार पिऊ नका हं. चहाही नको. आल्यावर प्या पोटभर." सकाळपासून त्यांची जीभ टाळूला लागली होती.

एक बाई सोफा घेऊन आल्या होत्या. दोन माणसांचा, चांगल्या लाकडाचा. मुलानं तो आडवा केला, खालचं गोणपाट फाडलं, शिवण उसवली आणि वरचं कापड सोलून काढलं. वास आधी आला. मग डाग दिसला: मधे पिवळा, कडेला तपकिरी, एकावर एक चढलेल्या नकाशांसारखा.

"आमच्याकडे कुत्रा आहे," बाई म्हणाल्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"असतोच," मुलगा म्हणाला. "सोफा म्हणजे कुत्र्यांची आवडती जागा."

"म्हातारा झालाय हो बिचारा."

"व्हायचेच. फोम सगळा नवीन टाकतो. आणि वर जादा अस्तर घालतो, म्हणजे टिकेल."

"घाला, घाला," बाई म्हणाल्या आणि कापडाचा रंगही न ठरवता निघाल्या. दारातून परत फिरून त्यांनी निळा सांगितला.

जादा अस्तर हा बैठकवाल्यांच्या हाताखालून आलेला शब्द. त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं हातोडी धरायच्या आधी एक गोष्ट शिकवली होती: आत काय निघालं ते बाहेर सांगायचं नाही. सोफा उघडला की घर उघडतं. केस, नखं, बिस्किटांचा चुरा, झुरळांचे पंख, गिळायच्या म्हणून दिलेल्या आणि न गिळता फटीत ढकललेल्या गोळ्या. कारागिरानं तोंडात खिळे धरून काम करायचं. तोंडात खिळे असले की माणूस बोलत नाही. आणि असा डाग निघाला, तर नव्या फोमवर, कापडाच्या आतून, पातळ रेक्झिनचा एक थर चढवायचा. विचारायचं नाही, सांगायचं नाही. गिऱ्हाइकानं हात लावून भुवया उंचावल्याच, तर 'जादा अस्तर आहे' म्हणायचं. गिऱ्हाईक मान हलवतं. दोघांनाही कळलेलं असतं. बैठकवाले ह्याला सभ्यपणा म्हणत आले होते. शहाण्यासुरत्या घरांची अब्रू आपण कापडाखाली शिवून ठेवली, ह्याचा त्यांना अभिमान होता.

मुलानं सोफ्याच्या फटीत हात घातला आणि एक चष्मा बाहेर काढला. जाड भिंगांचा, एका काडीचा.

"कुत्र्याला चष्मा होता, बाबा," तो म्हणाला. "जवळचं दिसत नसणार बिचाऱ्याला."

बैठकवाले हसले. हसू मात्र अजून वेळेवर यायचं, त्याला वाटेत कुणी अडवत नव्हतं. ते हसले, मुलगा हसला, दोघं एकमेकांकडे बघून पोट धरून हसले, मालक आणि कारागीर, पूर्वी हसायचे तसे. आणि हसता हसता बैठकवाल्यांना मांड्यांखाली ऊब लागली.

थांबवता येत नव्हतं. कळत होतं, येत होतं, आणि थांबवणारा हात कुठे ठेवलाय ते आठवत नव्हतं. हसू गेलं. बसल्या बसल्या त्यांना एक गोष्ट जाणवली. ओल खाली उतरत नव्हती.

फोम असता तर त्यानं गिळलं असतं. फोम सगळं गिळतो, त्यासाठीच तो बदनाम. इथे ती त्यांच्याखाली तशीच साचली होती, गरम, मग कोमट, मग गार. आणि मग पुढच्या कडेवरून घसरून थेंब थेंब फरशीवर पडू लागली. त्यांनी हातानं बैठकीची कड दाबली. कव्हर, खाली कापड, आणि त्याखाली रेक्झिनची ती ओळखीची गुळगुळीत सरक, बोटाखाली किंचित चुरचुरणारी.

म्हणून ओघळ येत होता. म्हणून पेला लागत होता.

मुलाचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. तो उठला, खिडकीकडे गेला. आतून बायको आली; तिच्या हातात पेला होताच. ती खाली वाकली, पेला आडवा केला. "अगं बाई, पाणी—"

बैठकवाल्यांनी तिचं मनगट धरलं. तिनं वर बघितलं. ते बोलायला लागलेत हे तिला दिसलं, पण ती काही थांबणाऱ्यांतली नव्हती.

"काय हवंय? पाणी आत्ता नको, सांगितलं ना. बदलू या, चला. उशीर होतोय."

"अस्तर," ते म्हणाले.

तिचा हात त्यांच्या हातात क्षणभर जड झाला. "हो, घातलंय," ती म्हणाली. "त्यानं घातलं, मी शिवलं. टोचतंय का कुठे?" आणि मनगट सोडवून ती सुकी पँट आणायला गेली.

त्यांना जे म्हणायचं होतं ते ती गेल्यावर बाहेर आलं. "गिऱ्हाईक आहे का मी?"

खोलीत मुलगाच होता. तो खिडकीपाशी पाठमोरा उभा राहिला. "बाबा, फोम दर आठवड्याला फेकायला लागत होता," तो गजांना म्हणाला. "काय करणार होतो आम्ही?"

सांगायचं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मला सांगायचं. मुलगा वळून पुन्हा सोफ्याशी जाऊन बसला, मूठभर खिळे तोंडात धरले आणि नवे पट्टे ठोकायला लागला.

त्यांना मुलाची किळस आली. ती त्यांच्या मनात अशी सहज आली की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बायकोची आली, पेल्याची आली, सुनेच्या पाहुण्यांसारख्या आवाजाची आली. मग ज्या सगळ्या घरांमधे ते रेक्झिनचा थर सरकवून, नमस्कार करून निघून आले होते, त्या सगळ्या घरांमधल्या खुर्च्यांवर बसलेली माणसं त्यांना दिसायला लागली. प्रत्येकाच्या बुडाखाली तो थर चुरचुरला असणार. प्रत्येकाला कळलं असणार. आणि बाहेर दारात कुणीतरी म्हणालं असणार, आमच्याकडे कुत्रा आहे.

"पाय उचला," बायको म्हणाली. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती, काळी पँट घेऊन. बाहेर जाताना काळीच. "हा नाही, तो. हा काय माझा आहे?"

त्यांना तिच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस दिसत होते. केसांमधून कातडी दिसत होती, गुलाबी, लहान मुलाची असते तशी. तिनं त्यांच्या मांड्या पुसल्या, पावडर मारली, पाऊल हातात धरून पँटमध्ये घातलं. कुठेही नाक मुरडलं नाही. तिला किळस येत नसेल असं नाही. तिनं ती कुठल्या फडताळात ठेवून दिली होती कुणास ठाऊक. आणि तोंड चालूच होतं. "तिथे मी बोलते सगळं. तुमची गाडी सुरू होईपर्यंत डॉक्टर कुलूप लावून घरी जातील. तुम्ही नुसतं चालून दाखवा. आणि हसू नका फार, हसलात की..." ती थांबली. "ऊठसूट हसू नये माणसानं."

"भीती वाटते?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"तुला."

चेन लावणारे तिचे हात थांबले. ह्या वेळी ती थांबली आणि त्यांना वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. पण तिनं नाक ओढलं, चेन वर केली आणि म्हणाली, "मला कशाची भीती? चला, दुसरा बूट."

गाडी सून चालवत होती. मुलाला निळं कापड आणायला जायचं होतं, निदान तो तसं म्हणाला. मागच्या सीटवर बैठकवाले आणि बायको. सीटवर एक जाड टॉवेल घडी घालून अंथरला होता आणि त्यावर, टॉवेल दिसू नये म्हणून, बायकोची शाल. वाटेत सुनेनं आरशातून मागे बघितलं. "बाबा, काच उघडू का?" कुणी उत्तर द्यायच्या आत तिनं उघडलीही.

बैठकवाल्यांनी मात्र निघाल्यापासून काम सुरू केलं होतं. प्रश्न विचारल्यावर वाक्य जमवायला घेतलं की उशीर होतो, हे त्यांना लिफ्टमध्ये कळलं होतं. म्हणून ते आत्ताच जमवत होते. एकेक शब्द उचलायचा, जागेवर ठेवायचा. 'लघवी' हा शब्द त्यांनी उचलला आणि टाकला. तो दवाखान्याचा होता, हातमोजे घातलेला. 'पाणी' तर नकोच. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा त्यांना हवा तो शब्द सापडला. लहानपणी सापडला होता तोच. सूनही तिथे असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं. सासऱ्यानं सुनेसमोर उच्चारायचा तो शब्द नव्हता. तरी त्यांनी तो ठेवला.

दवाखान्यात गुलाबाचा म्हणून कसला तरी फवारा मारलेला होता. त्याखाली काय आहे ते त्यांना फवाऱ्यातूनही कळत होतं. फार वेळ बसावं लागलं नाही. आत डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर सरळ रेक्झिनच होतं, वरच्या बाजूला, निळं, उघडं, ओल्या फडक्यानं पुसून पुसून चकाकणारं. इथे कुणी काही आत घातलेलं नव्हतं. ते त्यावर बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बसल्यासारखं वाटलं.

"या काका. आधी चालून दाखवा बघू."

ते चालले. दारापर्यंत गेले. वळताना पाय पुन्हा चिकटले, आणि ते एकाच जागी आखूड आखूड पावलं टाकत, घड्याळाचा काटा अडकून थरथरतो तसे, वळत राहिले. सून पुढे झाली. त्यांनी तिला हातानंच थांबवलं. त्यांचं वाक्य सांडलं असतं.

"मागच्यापेक्षा कमी झालंय चालणं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांनी काही फरक?"

"थोडा आहे," बायको म्हणाली.

"बोलणं?"

"ते पहिल्यापासून कमीच आहे."

"लघवीचं मागे विचारलं होतं मी..."

"ते ठीक आहे."

सुनेनं मान वर केली. तिचे हात मांडीवर होते. फडकं पिळून पिळून लाल झालेले. "आई," ती म्हणाली.

"तू गप्प बस गं जरा."

डॉक्टरांनी दोघींकडे बघितलं. "काही आहे का?"

"काही नाही. कधी कधी हातून पाणी सांडतं. पेला धरवत नाही नीट." बायकोनं हे अगदी सहज सांगितलं, पण तिचा हात सुनेच्या गुडघ्यावर गेला होता आणि त्या हाताची नखं पांढरी पडली होती. "मग त्याच गोळ्या ना, डॉक्टर?"

"दुसरं काही नसेल तर त्याच चालू ठेवू," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

बैठकवाल्यांनी हात वर केला.

शाळेत करतात तसा. त्यांना शाळा सोडूनही जन्म लोटला होता. हात वर राहिला. डॉक्टरांचं पेन अधांतरी थांबलं. बायकोनं तो हात हळूच खाली ओढायला सुरुवात केली. "काही नाही, त्यांना खांदा दुखतो त्या बाजूचा. अहो..."

"त्यांना बोलायचंय," सून म्हणाली. हा आवाज पाहुण्यांचा नव्हता. तो सकाळचा, फडक्याशी बोलायचा आवाज होता. तिनं सासूचा हात त्यांच्या दंडावरून काढला आणि स्वतःच्या हातात धरून ठेवला. "थांबू या जरा. बोला बाबा, कितीही वेळ घ्या."

मग खोलीतले सगळे थांबले. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. डॉक्टरांनी पेन ठेवून दिलं. बायकोनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत त्यांना तीच भीती दिसली, फडताळातून बाहेर काढलेली, नागडी. त्यांना तिची दया आली. ते थांबले नाहीत. वाक्य कोरड्या जिभेवरून घासत, चिकटत, सुटत पुढे येत होतं.

"मी मुततो, डॉक्टर," बैठकवाले म्हणाले. "कपड्यांत. रोज. ह्यांना वाटतं, मला कळत नाही. कळतं."